दार बंद आहे, हे ओव्हनला कोण सांगतं?

‘ओव्हनचं दार नीट लावलंय, हाताने दाबूनही पाहिलं. तरी सेल्फ-क्लीनचं बटण दाबलं की पडद्यावर ‘डोअर’ अशी अक्षरं लुकलुकतात आणि पुढे काहीच होत नाही. असं का?’ अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न बऱ्याचदा ऐकू येतो. त्याचं जुळं भावंडही आहे: ‘सफाई संपली, ओव्हन गार झाला, आणि आता दार उघडतच नाही!’

आपल्याकडे पुण्या-नाशकात अनेक घरांत असतो तो ओटीजी. तो हातानेच पुसायचा, त्यामुळे हे कोडं इथे पडत नाही. पण मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलं, ब्रॉयलरखाली भरताची वांगी भाजली, त्यांचा रस आणि तेल तळाला जळून बसलं, की या बटणाशी गाठ पडते. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी पुष्कळदा दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचा एक स्विच असतो. तो खरोखरच दोषी आहे का, हे क्रमाने कसं शोधायचं, ते या प्रकरणात पाहू.

१. एवढं कडक कुलूप कशासाठी?

सेल्फ-क्लीन ओव्हन साबण वापरत नाही, पाणी वापरत नाही. तो स्वतःला तापवतो. नानकटाई भाजताना आपण १७५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. सफाईच्या वेळी आतलं तापमान ४७० ते ४८० अंशांपर्यंत चढतं आणि दोन ते चार तास तिथेच राहतं. एवढ्या उष्णतेत तेल, साखर, पीठ यांचे रेणू तुटतात. त्यांची वाफ आणि वायू होऊन वरच्या झडपेतून निघून जातात आणि तळाला चिमूटभर राख उरते. ती ओल्या फडक्याने पुसली की काम संपलं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली असा ओव्हन घरगुती बाजारात आणला. त्यामागचं पेटंट बोहदान हुर्को या अभियंत्याच्या नावावर १९६४ मध्ये मंजूर झालं.

आता कुलपाचं कारण पाहा. स्वयंपाकाच्या तेलाची वाफ ४०० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. सफाईत तापमान त्याच्याही वर असतं. ती वाफ भडकत नाही, कारण दार घट्ट बंद असल्याने आत हवा मोजकीच असते. अशा क्षणी कुणी दार उघडलं तर ताजी हवा आत घुसेल आणि ज्वाळा थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येईल. म्हणून ओव्हन दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय तापायला लागत नाही: दार बंद आहे, आणि कडी बसली आहे. तापमान साधारण २६० ते ३१५ अंशांखाली उतरल्याशिवाय तो कडी सोडतही नाही. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. ‘दार उघडत नाही’ ही तक्रार सफाई संपल्यावर तासाभरात आली, तर ती बहुतेक वेळा बिघाडाची नसते. ओव्हन अजून गार व्हायचा असतो, इतकंच.

२. ड्रायव्हर मागे वळून पाहत नाही

ओव्हनमधला कंट्रोल बोर्ड दार बघू शकत नाही. जुन्या एसटीतला ड्रायव्हर आठवा. मागचं दार लागलं का, शेवटची म्हातारी चढली का, हे तो वळून पाहत नाही. कंडक्टर दोरी ओढतो, दोनदा घंटा वाजते, गाडी निघते. बोर्ड म्हणजे हा ड्रायव्हर, स्विच म्हणजे कंडक्टर, आणि दोघांमधली तार म्हणजे दोरी. घंटा वाजली नाही तर कंडक्टर झोपलाय, की दोरी तुटलीय, की दार खरंच उघडं आहे, हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नसतो. त्याला एवढंच ठाऊक असतं की घंटा आली नाही.

या ओव्हनमध्ये सहसा तीन ठिकाणांहून खबर येते. पहिला स्विच दाराचा: समोरच्या चौकटीत एक छोटी दांडी बाहेर डोकावते, दार लावलं की ती दाबली जाते. उरलेले दोन कडीचे. कडी फिरवायला एक छोटी, अगदी सावकाश फिरणारी मोटर असते. तिच्या अक्षावर एक उंचवट्याची चकती बसवलेली असते, तिला कॅम म्हणतात. कॅम फिरतो, आकडा पुढे सरकतो, दारात अडकतो आणि दार आत ओढून धरतो. कॅमचा उंचवटा एका स्विचला दाबतो तेव्हा ‘कडी बसली’ अशी खबर जाते. दुसऱ्याला दाबतो तेव्हा ‘कडी सुटली’. काही मॉडेलांत या दोन्हींचं काम एकच स्विच करतो, काहींत दाराचा स्विचही याच जुळणीत बसवलेला असतो. पण खबरी याच.

मोटर कुठे थांबायचं हे स्वतः ठरवत नाही, हे इथे लक्षात ठेवा. स्विचची खबर आली की बोर्ड तिचा पुरवठा तोडतो. म्हणून कडीचा स्विच मेला तर मोटर गुरगुरत फिरतच राहते, आकडा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. थोड्या वेळाने बोर्ड कंटाळून पुरवठा थांबवतो आणि कोड दाखवतो. ही गुरगुर कानावर आली तर अर्धं निदान झालं: मोटर चालू आहे, तिला वीज मिळते आहे, कमी पडतेय ती खबर.

३. ‘टिक्’ करणारा स्विच

हे सगळे मायक्रोस्विच जातीचे असतात. बटण हळूहळू दाबत गेलात तर आधी काहीच होत नाही, आणि एका ठरावीक बिंदूला आतली स्प्रिंगची पातळ पट्टी झटक्यात उलटते. ‘टिक्’ आवाज येतो तो त्याच क्षणी. हा झटका मुद्दाम ठेवलेला आहे. धातूचे दोन बिंदू सावकाश जवळ आले किंवा सावकाश दूर गेले तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि ते बिंदू जळतात. झटक्यात हलले तर ठिणगीला वेळच मिळत नाही. अशा स्विचची रचना मॅकगॉल नावाच्या संशोधकाने १९३२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी केली. आज लिफ्टपासून कॉम्प्युटरच्या माऊसपर्यंत तीच कल्पना वावरते.

स्विचला सहसा तीन टोकं असतात. ‘कॉम’ हे सामाईक टोक. ‘एनसी’ हे टोक बटण मोकळं असताना कॉमशी जोडलेलं असतं. ‘एनओ’ हे बटण दाबल्यावर जोडलं जातं. दाराच्या स्विचमध्ये ही जोडी फार सोयीची पडते: दार उघडलं, बटण मोकळं झालं, एनसी जोडला गेला, दिवा लागला. दार लावलं, बटण दाबलं गेलं, दिवा गेला, एनओ जोडला गेला आणि बोर्डाला खबर पोचली. म्हणूनच ओव्हनचा दिवा ही आपल्या हातातली पहिली तपासणी आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

४. दिव्याची तपासणी

ओव्हन गार असताना दार उघडा. दिवा लागला? नसेल तर पॅनेलवरचं दिव्याचं बटण दाबून बल्ब शाबूत आहे ना, ते आधी पाहा. आता दार उघडंच ठेवून चौकटीतली ती दांडी बोटाने पूर्ण आत दाबा.

समजा, बोटाने दाबल्यावर दिवा विझतो, पण दार लावल्यावर आत दिवा तसाच जळताना काचेतून दिसतो. म्हणजे स्विच काम करतो आहे, दारच त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग बिजागरं पाहा. उघड्या दारावर कुणी जड भांडं टेकवलं असेल, लहान मूल ओणवं झालं असेल, तर बिजागर किंचित वाकतं आणि दार एका कोपऱ्यात काही मिलिमीटर बाहेर राहतं. दाराभोवतीची विणलेली कड, म्हणजे गॅस्केट, खाचेतून निसटून मध्ये आली असेल. जाळी पूर्ण आत सरकलेली नसेल. अशा वेळी नवा स्विच आणून काहीही साधणार नाही.

बोटाने दाबूनही दिवा विझत नसेल, तर संशय स्विचवर किंवा त्याच्या तारेवर. दांडी आत जाऊन अडकली असेल, तर भोकात साखरेचा पाक किंवा तूप वाळून बसलंय का, ते पाहा. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने सावकाश पुसलं की कित्येकदा ती मोकळी होते. त्यात तेल सोडू नका, पुढच्याच सफाईत ते जळून डिंक होईल.

एक खोच मात्र आहे. काही स्विचमध्ये दिव्यासाठी एक आणि बोर्डासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या जोड्या असतात. त्यामुळे दिवा नीट विझला तरी बोर्डाकडची जोडी शाबूत आहे असं त्यावरून ठरत नाही. नव्या मॉडेलांत तर दिवा बोर्डच लावतो. मग पुढची पायरी मीटरची.

५. कोड म्हणजे निकाल नव्हे

पडद्यावर कोड उमटला की लोक तो शोधतात, त्यापुढे ‘कंट्रोल बोर्ड बदला’ असं कुठेतरी वाचतात आणि काही शे डॉलर घालवून बसतात. नव्या बोर्डावर तोच कोड पुन्हा उमटतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खर्च पूर्ण टाळता येण्याजोगा असतो. कोड फक्त खबर कुठे जुळत नाही ते सांगतो. व्हर्लपूलच्या बऱ्याच ओव्हनमध्ये ‘एफ५’ने सुरू होणारे कोड दार आणि कडीचे असतात. फ्रिजिडेअरच्या बऱ्याच मॉडेलांत ‘एफ९०’ आणि त्यापुढचे, जनरल इलेक्ट्रिकच्या अनेक मॉडेलांत ‘एफ९’. यांतला एकही कोड ‘हा भाग खराब आहे’ असं म्हणत नाही. दार बंद असल्याची खबर आलेली नसताना कडी मात्र बसल्याची खबर आली, असला विसंवाद तो नोंदवतो. कारण कंडक्टर असेल, दोरी असेल किंवा ड्रायव्हरचा कान.

एकच कोड दोन मॉडेलांत वेगळ्या अर्थाने येऊ शकतो. खरा आधार म्हणजे त्या मॉडेलचा तंत्रज्ञांसाठीचा कागद. तो पुष्कळदा ओव्हनमध्येच, कंट्रोल पॅनेलच्या मागे किंवा खालच्या ड्रॉवरच्या पाठीमागे, घडी करून ठेवलेला असतो. त्यात तारांचा नकाशा असतो आणि कुठल्या दोन टोकांमध्ये किती ओहम यायला हवेत तेही असतं.

६. आधी वीज तोडा

अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ओव्हनला २४० व्होल्ट लागतात. दोन तारांतून १२०-१२० व्होल्ट येतात. अनेक ओव्हनमध्ये ‘बंद’ केल्यावर त्यांतली एकच तार तुटते, दुसरी जिवंत राहते. म्हणून पॅनेल बंद असणं पुरेसं नाही. ब्रेकर पाडा, शक्य असेल तर प्लगही काढा, आणि मीटरने व्होल्टेज शून्य आहे ना, हे बघूनच हात घाला.

उभा ओव्हन पुढे ओढताना लक्षात ठेवा: मागच्या पायाला भिंतीशी धरून ठेवणारा कोन असतो, ओव्हन पुढे कलंडू नये म्हणून. परत सरकवताना पाय त्या कोनात गेलाच पाहिजे. भिंतीत बसवलेला ओव्हन एकट्याने बाहेर काढू नका. गॅसचा ओव्हन असेल तर त्याची नळी हलवणं जाणकारावर सोडा. आणि घर भाड्याचं असेल तर ओव्हन घरमालकाचा आहे. दिव्याची तपासणी करा, काय दिसलं ते लिहून कळवा, पत्रा मात्र खोलू नका.

७. मीटर काय बोलतो

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा मोजायचं माप. वाट मोकळी असेल तर आकडा शून्याजवळ येतो. वाट तुटलेली असेल तर ‘ओएल’ अशी अक्षरं दिसतात. स्विचच्या तारांचे फोटो काढा, मग तारा उपसा आणि मीटरची टोकं कॉम आणि एनओवर लावा.

एक उदाहरण घेऊ. बटण मोकळं: ओएल. बटण दाबलं: ०.३ ओहम. हा स्विच उत्तम आहे. दुसरा स्विच: मोकळं असताना ओएल, दाबल्यावरही ओएल. हा मेला. तिसरा सगळ्यात फसवा: दाबल्यावर ८५, जरा हलवल्यावर ४००, पुन्हा दाबल्यावर २. आतले बिंदू जळलेले आहेत. गार असताना हा स्विच काम करेल, ओव्हन तापल्यावर दगा देईल, आणि कोड नेमका सफाईच्या मध्यावर येईल. त्याला राहू देऊ नका.

कडीच्या दोन्ही स्विचना हीच तपासणी लागू आहे, फक्त बटण दाबायचं काम तिथे कॅम करतो. कॅम हाताने फिरवता येत असेल तर फिरवा आणि उंचवटा स्विचखाली आला की आकडा बदलतो ना, ते पाहा.

स्विच निर्दोष निघाला तर दोरी पाहायची. तारा परत स्विचला जोडा, बोर्डाकडचा कनेक्टर काढा, आणि त्याच दोन तारांवर तिथून मोजा. दार लावल्यावर इथेही ०.३च्या जवळपास यायला हवं. स्विचपाशी ०.३ आणि बोर्डापाशी ओएल, म्हणजे मधे कुठेतरी तार तुटली किंवा कनेक्टरची पट्टी काळी पडली. पत्र्याच्या धारेवर घासलेली, उष्णतेने कडक होऊन तडकलेली तार मी बोर्डापेक्षा आधी शोधेन. बोर्डाच्या टोकाशी दोन्ही स्थितींत आकडे बरोबर येत असूनही कोड जात नसेल, तेव्हाच बोर्डाकडे बोट दाखवायचं.

८. स्विच ठीक, तरी दार अडलेलं

सफाईनंतर अनेक तास उलटले, ओव्हन हाताला गार लागतो, पण कडी सुटत नाही. आधी ब्रेकर पाच मिनिटं पाडून पुन्हा चालू करा. बऱ्याच ओव्हनमध्ये वीज परत आल्यावर बोर्ड कडीची स्थिती नव्याने तपासतो आणि आकडा मागे आणतो. नाही जमलं तर सफाई पुन्हा लावा आणि लगेच रद्द करा, म्हणजे मोटरला एक फेरी मिळते. दाराला सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावून ताणू नका. आकडा वाकतो, आतली काच तडकते.

तरीही कडी हलली नाही, तर तापमानाची खबर तपासा. आतल्या मागच्या भिंतीवर एक बारीक सळई असते, तो सेन्सर. तापमान चढलं की त्याचा अडथळा वाढतो. खोलीच्या तापमानाला अनेक ओव्हनमध्ये तो सुमारे १,०८० ते १,१०० ओहम असतो, २६० अंशांना साधारण २,०००, सफाईच्या ऐन भरात सुमारे २,७००. आता समजा, ओव्हन गार आहे आणि सेन्सर २,००० दाखवतो. बोर्डाच्या हिशोबाने आत अजून २६० अंश आहेत, मग तो कडी कशी सोडेल? दाराचे सगळे स्विच शाबूत असून दार बंद राहील, आणि दोष असेल सेन्सरचा.

दुसरं कारण म्हणजे ओव्हनच्या पाठीमागचं उष्णतारक्षक. आसपासचा पत्रा फार तापला की ते मधली वाट तोडतं. काही ओव्हनमध्ये ते गार झाल्यावर आपोआप जोडलं जातं, काहींत बटण दाबावं लागतं, काहींत बदलावंच लागतं. मीटरवर ओएल आला तर ते उडालेलं आहे. पण ते का उडालं, हे शोधल्याशिवाय नवं बसवू नका. थंडावा देणारा पंखा बंद पडलाय का, किंवा झडप कशाने झाकली गेलीय का, ते बघा.

९. तार जोडून बोर्डाला फसवू नका

स्विचची दोन टोकं तारेच्या तुकड्याने कायमची जोडून टाकायची, म्हणजे बोर्डाला वाटतं दार सदैव बंद आहे. हा उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. तपासणीपुरताही तो मला मान्य नाही, कारण मीटर तेच काम निर्धोकपणे करतो. दार उघडं असताना ४८० अंशांकडे निघालेला ओव्हन घरात असणं काय असतं, ते पहिल्या भागात आलंच आहे.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत तर हा खेळ जिवावरचा आहे, आणि मायक्रोवेव्ह पुण्या-मुंबईतही अनेक घरांत आहे. त्याच्या दाराला सहसा तीन स्विच असतात. तिसरा पहारा देतो: पहिले दोन चिकटून बसले आणि दार उघडलं गेलं, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. शिवाय आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. ओव्हनचा स्विच समजून घेतला म्हणून मायक्रोवेव्हचा पत्रा घरी खोलू नये.

१०. नवा स्विच बसवल्यावर

भाग मागवताना मॉडेल क्रमांक लागतो. तो दार किंवा खालचा ड्रॉवर उघडल्यावर चौकटीवरच्या पट्टीवर सापडतो. दिसायला सारखा स्विच आणू नका, कारण दांडीची लांबी मिलिमीटरभर कमी असली तरी दार तिच्यापर्यंत पोचणार नाही. तार बदलावी लागली तर उच्च तापमानासाठी केलेल्या वेष्टनाचीच घ्या. घरातल्या वायरिंगचं प्लास्टिक आणि साधी चिकटपट्टी तिथे वितळते.

सगळं जागेवर बसवलं, पत्रे लावले, ब्रेकर चढवला. आता सफाई लावा आणि कान देऊन थांबा. मोटर फिरेल, आकडा ओढला जाईल, मोटर आपणहून थांबेल, पडद्यावर कुलपाची खूण येईल. दार हलकेच ओढून पाहा, ते उघडता कामा नये. लगेच रद्द करा. ओव्हन तापलेला नसल्याने कडी थोड्याच वेळात सुटायला हवी. हे दोन-तीनदा करा. मग १७५ अंशांवर अर्धा तास भाजायला लावून दार उघड-बंद करा आणि दिवा पाहा.

पूर्ण सफाई त्यानंतर. जाळ्या बाहेर काढा, सुटे कण आणि तळाचं तेल पुसून घ्या, अॅल्युमिनियमची फॉइल राहिली असेल तर काढा, पण दाराची विणलेली कड घासू नका. खिडकी उघडा, चिमणीचा पंखा लावा. घरात पोपट किंवा इतर पाळीव पक्षी असेल तर त्याला दूरच्या, हवेशीर खोलीत हलवा, कारण या धुराने पक्षी दगावू शकतात. आणि सफाईचा दिवस दिवाळीच्या फराळाआधी किंवा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी धरू नका. स्विच, उष्णतारक्षक, कडी यांच्यावर सगळ्यात जास्त ताण याच चार तासांत येतो, आणि सणाच्या आठवड्यात दुरुस्तीला माणूस मिळणं कठीण असतं.